वेळेवर बिल भरूनही ‘सिबिल’ का घसरते? : क्रेडिट कार्डावरील देणे आणि पतगुणांकांचे गणित

गृहकर्जासाठी बँकेत गेलेल्या ग्राहकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तुमचे सिबिल किती?’ हा. उत्पन्नाचा दाखला, घराची कागदपत्रे, जामीनदार या गोष्टी त्यानंतर येतात. अशा वेळी अनेकांच्या वाट्याला एक अनपेक्षित अनुभव येतो. क्रेडिट कार्डाचे प्रत्येक बिल मुदतीत आणि पूर्ण भरलेले असते, एक रुपयाही थकलेला नसतो, तरीही गुणांक अपेक्षेपेक्षा कमी निघतो. मोबाइलवरील एका अ‍ॅपवर एक आकडा दिसतो, तर बँकेच्या पडद्यावर दुसराच. यात कोणाची फसवणूक झालेली नसते आणि यंत्रणेत बिघाडही नसतो. कार्डावरील देणे कोणत्या दिवशी मोजले जाते, कोणत्या मर्यादेशी ताडून पाहिले जाते आणि कोणती संस्था ते मोजते, यावर हा आकडा ठरतो.

या आकड्याचे मोलही लहान नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या व्याजदराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडली गेली आहेत. त्यावरील अधिभार ठरवताना अनेक बँका ग्राहकाचा पतगुणांक पाहतात. ४० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्के दराने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७१० रुपये येतो, तर ९ टक्के दराने सुमारे ३५,९९० रुपये. अर्ध्या टक्क्याचा हा फरक दर कायम राहिल्यास २० वर्षांत तीन लाख रुपयांच्या वर जातो.

चार संस्था, चार गुणांक

बोलण्यात ‘सिबिल’ हे आता सामान्यनामच झाले आहे. प्रत्यक्षात ते एका कंपनीचे नाव आहे. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड या नावाने ती २००० साली स्थापन झाली आणि पुढे ट्रान्सयुनियन सिबिल झाली. पतमाहिती कंपन्यांसाठीचा केंद्रीय कायदा २००५ साली आला. त्याखाली आज रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींचे वैयक्तिक गुणांक ३०० ते ९०० या पट्टीत दिले जातात. गुणांक जितका ९००च्या जवळ, तितकी कर्जफेडीची शक्यता अधिक मानली जाते.

बँका, गृहवित्त कंपन्या, बिगर-बँकिंग वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या यांनी या चारही संस्थांचे सभासद व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये दिला. त्यामुळे मूळ माहिती चौघींकडे बहुतांशी सारखीच जाते. तरीही गुणांक वेगळे येतात, याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण सूत्राचे. प्रत्येक कंपनीचे गणिती सूत्र स्वतंत्र असून ते संपूर्ण स्वरूपात जाहीर केले जात नाही. एका सूत्रात कार्डाच्या वापराला जास्त वजन असते, तर दुसऱ्यात अलीकडच्या अर्जांना. एकाच कंपनीच्या सूत्राच्याही जुन्या-नव्या आवृत्त्या असतात आणि कोणती आवृत्ती वापरायची हे कर्ज देणारी संस्था ठरवते.

दुसरे कारण वेळेचे. बँकेने पाठविलेली माहिती एका कंपनीच्या नोंदीत आज चढली आणि दुसरीच्या नोंदीत चार दिवसांनी, तर मधल्या काळात दोघींचे आकडे जुळत नाहीत.

तिसरे कारण नावांच्या जुळणीचे. पॅन, जन्मतारीख, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पाहून नोंदी एका व्यक्तीच्या नावे जोडल्या जातात. गोव्यात ही बाब अधिक नाजूक ठरते, कारण पोर्तुगीज काळातील नोंदींमुळे एकाच आडनावाची रोमन लेखने अनेक आहेत. नाईक, कामत, परब ही आडनावे जन्मदाखल्यावर एका तऱ्हेने आणि पॅन कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली आढळतात. परिणामी एखादे जुने कार्ड एका कंपनीच्या अहवालात दिसते आणि दुसरीच्या अहवालात दिसत नाही.

देणे आणि थकबाकी : दोन वेगळ्या गोष्टी

मराठीत कार्डावरील सगळ्याच रकमेला सर्रास ‘थकबाकी’ म्हटले जाते आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. पतअहवालात कार्डासंबंधीचे रकाने वेगवेगळे असतात. कार्डाची पतमर्यादा, म्हणजे लिमिट, हा एक रकाना. त्या दिवशी कार्डावर असलेले एकूण देणे हा दुसरा. आजवर कार्डावर चढलेले सर्वाधिक देणे हा तिसरा. मुदत उलटूनही न भरलेली रक्कम, म्हणजे खरी थकबाकी, हा चौथा. याशिवाय मागील ३६ महिन्यांतील प्रत्येक महिन्यासाठी परतफेडीला किती दिवस उशीर झाला याची नोंद असते. तिला ‘डीपीडी’ म्हणतात. तेथे शून्य असेल तर त्या महिन्यात उशीर झालेला नाही.

थकबाकीमुळे गुणांक घसरतो हे सर्वांना ठाऊक असते. मुदतीतील देणेही गुणांक खाली आणू शकते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. सूत्राच्या दृष्टीने ज्याने आपल्या मर्यादेचा बहुतेक भाग वापरून टाकला आहे, त्याच्या हाताशी अडीअडचणीसाठी थोडेच उरलेले असते. असा माणूस पुढे हप्ता चुकवण्याची शक्यता अधिक धरली जाते. महिनाअखेर तो सगळी रक्कम भरणार आहे, हे त्या दिवशीच्या आकड्यावरून कळत नाही.

वापराचे प्रमाण कसे काढतात?

कार्डावरील देण्याला पतमर्यादेने भागून जी टक्केवारी येते, ते वापराचे प्रमाण. हे प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्रपणे आणि सर्व कार्डांसाठी एकत्रितपणे काढता येते. दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत.

समजा, एखाद्याकडे दोन कार्डे आहेत. पहिल्याची मर्यादा ६०,००० रुपये आणि त्यावर देणे ४८,००० रुपये. दुसऱ्याची मर्यादा १,४०,००० रुपये आणि त्यावर देणे २,००० रुपये. एकत्रित मर्यादा २ लाख आणि एकत्रित देणे ५०,००० रुपये, म्हणजे प्रमाण २५ टक्के. हे समाधानकारक वाटते. पहिल्या कार्डाचे प्रमाण मात्र ८० टक्के आहे आणि काही सूत्रे त्याची स्वतंत्र दखल घेतात. हाच खर्च दोन कार्डांवर विभागला असता, तर एकूण आकडा तोच राहून चित्र बदलले असते.

आता या ग्राहकाने ‘वापरात नाही’ म्हणून दुसरे कार्ड २,००० रुपये भरून बंद केले असे धरू. त्याचे देणे कमी झाले, पण मर्यादाही १,४०,००० रुपयांनी घटली. उरलेल्या ६०,००० रुपयांच्या मर्यादेवर ४८,००० रुपये देणे, म्हणजे एकत्रित प्रमाण २५ टक्क्यांवरून एकदम ८० टक्के. घर आवरावे तशी कार्डे आवरायला निघालेल्या माणसाचा गुणांक कर्जाच्या तोंडावर घसरतो, तो असा.

हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो एक ढोबळ आडाखा आहे, रिझर्व्ह बँकेचा नियम नव्हे. ३० टक्क्यांवर एखादी भिंत उभी आहे आणि ३१ झाले की दंड होतो, असेही नाही. प्रमाण जितके कमी तितके बरे आणि मर्यादेच्या काठावर गेले की परिणाम तीव्र, एवढाच त्याचा अर्थ.

आकडा कोणत्या दिवसाचा?

१ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार वित्तसंस्थांनी ग्राहकांची माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पाठवायची आहे. महिन्याची १५ तारीख आणि महिन्याचा शेवटचा दिवस, या दिवसांची स्थिती त्यात घेतली जाते. संस्थेला ती पाठविण्यासाठी सात दिवस आणि पतमाहिती कंपनीला ती नोंदवून घेण्यासाठी पाच दिवस मिळतात. म्हणजे १५ तारखेची स्थिती अहवालात उमटायला २७ तारीख उजाडू शकते. पूर्वी हे काम महिन्यातून एकदाच होत असे.

चवथीच्या तयारीचे उदाहरण घेता येईल. घराची रंगरंगोटी, कपडे, नवा फ्रिज असा ७०,००० रुपयांचा खर्च एक लाखाची मर्यादा असलेल्या कार्डावर महिन्याच्या सुरुवातीला झाला. बिल १२ तारखेला निघाले आणि भरण्याची अंतिम मुदत पुढील महिन्याच्या १ तारखेला आहे. ग्राहकाने ती मुदत पाळून १ तारखेला सगळी रक्कम भरली, त्याला व्याज लागले नाही आणि उशीरही झाला नाही. पण १५ तारखेला आणि महिनाअखेरीस, अशा दोन्ही मोजणीच्या दिवशी त्याचे प्रमाण ७० टक्के होते. त्याच सुमारास बँकेने गृहकर्जासाठी अहवाल मागविला, तर तिला ७० टक्केच दिसतील. याच ग्राहकाने ५०,००० रुपये बिल निघण्यापूर्वी, १० तारखेला भरले असते, तर बिलही २०,००० रुपयांचे निघाले असते आणि १५ तारखेची नोंदही २० टक्क्यांची झाली असती.

खर्च तोच, परतफेडही तेवढीच. फरक पडला तो केवळ तारखेमुळे. बिलाची मुदत पाळल्याने व्याज वाचते. गुणांकासाठी मात्र त्याआधीची तारीख पाहावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डधारकाला बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा पर्याय आहे. पगाराची तारीख आणि बिलाची तारीख यांचा मेळ बसत नसेल, तर त्याचा उपयोग करता येतो.

किमान रकमेचा सापळा

बिलावर ‘एकूण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’ असे दोन आकडे असतात. किमान रक्कम भरली की खाते थकीत होत नाही आणि डीपीडीच्या रकान्यात शून्यच राहते. त्यामुळे गुणांक सुरक्षित राहिला असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे.

कार्डावर ५०,००० रुपये देणे आहे, किमान रक्कम ५ टक्के आहे आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के आहे असे धरू. ग्राहकाने २,५०० रुपये भरले. व्याजाचे १,७५० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ३१५ रुपये, असे २,०६५ रुपये त्यातूनच गेले. मूळ देणे घटले ते केवळ ४३५ रुपयांनी. वर्षभर हेच चालले तर वापराचे प्रमाण जवळजवळ होते तेथेच राहते. शिवाय जुने देणे शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

वेगवेगळ्या गुणांकांतील महत्त्वाचा भेद येथे दिसतो. बऱ्याच पारंपरिक सूत्रांत वापराच्या प्रमाणाला फारशी स्मृती नसते. ती शेवटच्या नोंदीतील देणे पाहतात आणि ते उतरले की गुणांक पुष्कळसा सावरतो. नव्या प्रकारची सूत्रे मात्र अनेक महिन्यांचा कल पाहतात. देणे वाढत चालले आहे की कमी होत आहे, ग्राहक पूर्ण बिल भरतो की किमान रकमेवर भागवतो, हे त्यांच्या हिशेबात येते. म्हणून कर्जापूर्वी एक महिना आधी कार्ड रिकामे केल्यास एका गुणांकात मोठा बदल दिसेल आणि दुसऱ्यात थोडाच.

मोठी खरेदी हप्त्यांत रूपांतरित केली तरी उरलेली मुद्दल सामान्यतः कार्डाच्या मर्यादेतच अडकून राहते. ‘बिनव्याजी हप्ता’ असला तरी मर्यादेचा तेवढा भाग व्यापलेलाच असतो, हे लक्षात ठेवणे इष्ट.

उशीर झाला तर

भरण्याची मुदत उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच कार्डाचे खाते थकीत म्हणून कळविता येते आणि विलंबशुल्क आकारता येते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मात्र चौथ्या दिवशी उशिराचे दिवस मूळ मुदतीपासूनच मोजले जातात. वापराचे प्रमाण पुढील नोंदीत सुधारू शकते, पण उशिराची नोंद ३६ महिने अहवालात दिसत राहते. रक्कम लहान असली म्हणून ती माफ होत नाही.

जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कार्ड वापरले नाही म्हणजे बिल येणार नाही, असे गृहीत धरून माणूस सहा-आठ महिन्यांसाठी समुद्रावर जातो. इकडे ५०० रुपयांचे वार्षिक शुल्क आणि ९० रुपये जीएसटी, असे ५९० रुपयांचे बिल निघते. मोबाइल बंद असल्याने संदेश पोहोचत नाही. विलंबशुल्क आणि व्याज चढत जाते आणि परत आल्यावर घराच्या कर्जाचा अर्ज नामंजूर होतो. निघण्यापूर्वी कार्डाला बँक खात्यातून पूर्ण रकमेची आपोआप वजावट लावून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

थकलेली रक्कम तडजोडीने कमी करून मिटविल्यास खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. तो ‘बंद’ या शेऱ्याच्या बरोबरीचा नाही. पूर्ण रक्कम मिळाली नाही, असाच त्याचा अर्थ पुढील बँक लावते.

नजरेआड राहणारी देणी

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते. मासळी बाजारातील दोनशे रुपये किंवा पेट्रोल पंपावरील पाचशे रुपये क्यूआर कोडवरून दिले, तरी ते कार्डाच्या देण्यातच जमा होतात. खात्यातून पैसे गेल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात कर्ज वाढलेले असते.

पत्नी, मुले किंवा आईवडील यांना दिलेल्या जोडकार्डावरील खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते. शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाच्या खर्चाने वडिलांचे प्रमाण वाढते.

छोटे दुकानदार आणि पर्यटन व्यावसायिक हंगामापूर्वी माल भरण्यासाठी वैयक्तिक कार्ड वापरतात. धंद्याच्या दृष्टीने ती सोय असली, तरी भार वैयक्तिक गुणांकावर पडतो. सिबिलकडून लघुउद्योगांसाठी दिला जाणारा दर्जा वेगळा असून तो १ ते १० असा मोजला जातो. तेथे १ हा सर्वांत चांगला.

ज्याच्याकडे कार्डच नाही

कर्ज किंवा कार्ड कधीच न घेतलेल्या व्यक्तीचा गुणांक वाईट नसतो, तो नसतोच. केवळ पतइतिहास नाही या कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. किमान गुणांक किती असावा हेही तिने ठरविलेले नाही, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. इतिहास उभा करायचा असल्यास मुदतठेवीवर मिळणारे छोट्या मर्यादेचे कार्ड घेऊन त्यावर थोडा खर्च करणे आणि तो पूर्ण फेडणे, हा सुरक्षित मार्ग ठरतो.

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्यांना भारतातील गुणांक तेथे सहसा उपयोगी पडत नाही. तेथे फायको आणि व्हँटेजस्कोअर हे गुणांक प्रचलित असून त्यांच्या आजच्या आवृत्त्यांची पट्टी ३०० ते ८५० अशी आहे. फायकोने आपल्या सर्वसाधारण सूत्रातील वजने जाहीर केली आहेत. परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के आणि देण्याच्या रकमेला ३० टक्के वजन आहे. व्हँटेजस्कोअर ४.० आणि फायको १० टी या आवृत्त्या देण्याचा कल पाहतात. कार्डावरील देण्याची शिस्त दोन्ही देशांत सारखीच उपयोगी आहे.

अहवाल पाहणे आणि चूक दुरुस्त करणे

चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल गुणांकासह विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून लागू आहे. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा अहवाल मागविला, तर वर्षभर विनाखर्च लक्ष ठेवता येते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने केलेली चौकशी मात्र नोंदली जाते.

अहवाल हाती आल्यावर नाव, पॅन आणि जन्मतारीख आधी तपासावी. नंतर प्रत्येक कार्डाची मर्यादा बरोबर आहे का ते पाहावे. बँकेने वाढवून दिलेली मर्यादा अहवालात जुनीच राहिली असेल, तर वापराचे प्रमाण विनाकारण जास्त दिसते. बंद केलेले कार्ड चालू दाखविलेले नाही ना, हेही पाहावे.

चूक आढळल्यास संबंधित पतमाहिती कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करता येते. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. या कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. त्यामुळे समाधान न झाल्यास तेथे विनाशुल्क दाद मागता येते.

कर्जाच्या अर्जापूर्वी

घर किंवा वाहन घेण्याचा विचार असेल, तर तयारी तीन-चार महिने आधी सुरू करावी. चारही अहवाल मागवून त्यांतील चुका दुरुस्त करून घ्याव्यात. मोठे देणे असलेले कार्ड आधी उतरवावे आणि खर्च एकाच कार्डावर साठू देऊ नये. बिल निघण्यापूर्वीच बहुतेक रक्कम भरण्याची सवय लावावी. जुनी, बिनशुल्क कार्डे या काळात बंद करू नयेत. मर्यादा वाढवून देण्याचा बँकेचा प्रस्ताव आल्यास तो विचारपूर्वक स्वीकारावा. खर्च तेवढाच राहिला तर प्रमाण घटते, पण मर्यादेबरोबर हातही सैल होणार असेल तर त्याचा उपयोग नाही. ग्राहकाच्या संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढविता येत नाही.

आणि बँकेने सांगितलेला आकडा अ‍ॅपवरील आकड्याशी जुळला नाही, तर तो कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या तारखेचा, हे आधी विचारावे. पुष्कळदा पंधरा दिवस थांबून नवा अहवाल मागविण्याची विनंती केल्यानेच प्रश्न सुटतो.